पाच तालुके बंद, शहर खुले: बंदीचे टेबल आणि लसीचे टेबल

उत्तरकसबेकर
१४ ऑगस्ट २०२१, सकाळी

राज्य सरकारने कोरोनाच्या निर्बंधांबाबत ११ ऑगस्टला जाहीर केल्याप्रमाणे उद्यापासून दुकाने रात्री दहापर्यंत उघडी राहतील, उपाहारगृहे निम्म्या क्षमतेने चालतील आणि लसीचे दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना मॉलमध्ये प्रवेश मिळेल. मंदिरे आणि चित्रपटगृहे बंदच राहणार आहेत. याच आठवड्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांपैकी पंढरपूर, सांगोला, माळशिरस, माढा आणि करमाळा या पाच तालुक्यांत मात्र, रुग्ण वाढत असल्याच्या कारणावरून, १३ ऑगस्टपासून अत्यावश्यक सेवा वगळता बाजारपेठा बंद करण्यात आल्या आहेत. म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या रात्री शहरातल्या आपल्या नवी पेठेत दिव्यांचा लखलखाट असेल आणि करमाळ्याच्या पेठेत शटर खाली असेल.

मी साऱ्याच निर्बंधांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण असा विषय काढला की पहिल्याच प्रतिसादात ‘तुम्हाला माणसांच्या जिवाची किंमत नाही’ असे ऐकावे लागते. सोलापूर शहराला जिल्ह्यापासून वेगळे मोजा, ग्रामीण भागातल्या रुग्णांमुळे शहराचे दुकान बंद ठेवू नका, ही मागणी जूनमध्ये आपणच लावून धरली होती. तेव्हा आता तालुकानिहाय विचार होत असेल तर त्याला अन्याय म्हणायला मला तोंड नाही. जिथे आग लागली तिथेच पाणी मारावे, हे तत्त्व मला मान्य आहे. माझा आक्षेप पाण्याबद्दल आहे.

७ जूनपासून लागू झालेल्या पाच स्तरांच्या पद्धतीत दोनच गोष्टी मोजल्या जात होत्या: शंभर चाचण्यांत किती बाधित निघाले आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या. बाधित ५ टक्क्यांच्या आत आणि भरलेल्या खाटा २५ टक्क्यांच्या आत असतील तर पहिला स्तर. बाधित २० टक्क्यांवर किंवा खाटा ७५ टक्क्यांवर गेल्या तर पाचवा. २५ जूनला डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या धास्तीने सगळ्याच जिल्ह्यांना किमान तिसऱ्या स्तरावर आणून बसवले गेले आणि २ ऑगस्टच्या आदेशात ज्या अकरा जिल्ह्यांना सवलत मिळाली नाही, त्यांत आपण होतो. त्या मूळ तक्त्यात तालुक्यातल्या किती प्रौढांना लस मिळाली आहे, यासाठी रकानाच नव्हता. बंदीचा आदेश एका टेबलावरून निघतो, लसीच्या कुप्यांचे वाटप दुसऱ्या टेबलावरून होते, आणि ही दोन टेबले एकमेकांकडे पाठ करून बसली आहेत. मी उभे आयुष्य बँकेत काढले. नुसती नावेची बाजू असलेले आणि जमेची बाजू कोरी ठेवलेले खाते आमच्याकडे कोणी सही करून पुढे पाठवले नसते.

माझी मागणी एवढीच आहे की ज्या दिवशी तालुका बंद कराल, त्याच दिवशी त्या तालुक्याच्या वाट्याच्या कुप्या वाढवा, आणि किती दिवसांत किती जणांना डोस देणार हे बंदीच्या आदेशातच लिहा. त्याशिवाय काढलेला आदेश म्हणजे दुकानदाराने आपला गल्ला सरकारला आजाराच्या तारणावर बिनव्याजी देण्यासारखे आहे, आणि हे कर्ज फिटणार कधी हे कोणीच सांगत नाही.


सात रस्ता
१४ ऑगस्ट, दुपारी

मी सर्वसाधारण रुग्ण पाहणारा डॉक्टर आहे आणि आपल्याशी सहमत नाही. ‘कुप्या वाढवा’ ही मागणी रास्त वाटते, पण कॅलेंडर समोर ठेवले की टिकत नाही. आपल्याकडे मिळणारी बहुतेक लस कोविशील्ड आहे आणि तिच्या दोन डोसांतले अंतर १३ मेच्या निर्णयानंतर बारा ते सोळा आठवडे झालेले आहे. उद्या, १५ ऑगस्टला, पंढरपुरात एखाद्याने पहिला डोस घेतला तर दुसरा लवकरात लवकर ७ नोव्हेंबरला मिळेल आणि पुढचे चौदा दिवस धरले तर २१ नोव्हेंबर उजाडेल. यंदा दिवाळी ४ नोव्हेंबरला आहे. रुग्णवाढ आजची आहे, ती येत्या दोन-तीन आठवड्यांत वर जायची की खाली यायची ते ठरणार आहे, आणि आपण तहान लागल्यावर विहीर खोदायला सांगत आहात. विहीर खोदू नये असे मी म्हणत नाही. पण ती पूर्ण होईपर्यंत घोटभर पाणी जपून वापरावेच लागते, आणि निर्बंध म्हणजे तेच आहे.

पहिल्या डोसाचा उपयोग होतो, पण डेल्टा या सध्या पसरलेल्या प्रकारापुढे तो तोकडा पडतो. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि गेल्या महिन्यात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका डोसानंतर डेल्टामुळे होणारा लक्षणांसहित आजार टळण्याचे प्रमाण साधारण ३० टक्के निघाले आणि कोविशील्डच्याच जातीच्या लसीच्या दोन डोसांनंतर ते ६७ टक्क्यांवर गेले. तेव्हा पहिल्या डोसाचा आकडा दाखवून बाजार उघडा म्हणणे म्हणजे अर्धी भिंत बांधून छप्पर टाकण्यासारखे आहे.

आता नव्या प्रकारांच्या भीतीविषयी थोडे. गेले दोन महिने लोक दवाखान्यात येऊन मला डेल्टा प्लसबद्दल विचारतात, आणि दूरचित्रवाणीवर लाल अक्षरांत तो शब्द आला की दुसऱ्या दिवशी मुखपट्ट्या नाकावर चढतात व चौथ्या दिवशी पुन्हा हनुवटीवर येतात. विषाणू स्वतःची नक्कल काढताना चुका करतो, त्यातली एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते, आणि त्याला जितकी जास्त माणसे फिरायला मिळतात तितक्या जास्त नकला निघतात, एवढेच त्यामागचे यंत्र आहे. डेल्टा प्लस म्हणजे डेल्टाच्याच पृष्ठभागावरच्या काट्यात झालेला एक जादा बदल. राज्यात त्याचे जूनमध्ये २१ रुग्ण सांगितले गेले, आता ते साठाच्या पुढे आहेत. पण एप्रिल-मे महिन्यांत या जिल्ह्याला ज्याने लोळवले तो साधा डेल्टाच होता, तो कुठे गेलेला नाही आणि त्याला ‘प्लस’ची गरजही पडली नाही. शिवाय नमुना जनुकीय तपासणीला जाऊन अहवाल येईपर्यंत रुग्ण एक तर बरा होऊन घरी गेलेला असतो किंवा गेलेला असतो. प्रकाराचे नाव कळेपर्यंत थांबायला सवडच नसते. म्हणून बाधितांचे प्रमाण पाहूनच निर्णय घ्यावा लागतो, मग तो कितीही ओबडधोबड वाटो.


महाद्वारातला दुकानदार, पंढरपूर
१४ ऑगस्ट, संध्याकाळी

डॉक्टरसाहेबांनी ‘घोटभर पाणी जपून वापरा’ असे लिहिले आहे. आमच्या मडक्यात ते किती उरले आहे, हे सांगण्यासाठी लिहितो.

माझे दुकान कुंकू, बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा आणि प्रासादिक चुरमुरे-बत्ताशांचे आहे. आम्ही वर्षाचा हिशेब महिन्यांत करत नाही, वाऱ्यांत करतो. २०२० ची चैत्री, आषाढी आणि कार्तिकी, २०२१ ची माघी, चैत्री आणि गेल्या महिन्यात २० जुलैला झालेली आषाढी, अशा सलग सहा वाऱ्या माणसांवाचून गेल्या. पालख्या एसटीने आल्या, गावात संचारबंदी होती, आणि आषाढीला माझ्या दुकानासमोर जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे बंदोबस्तातले पोलीस खुर्च्या टाकून बसले होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आषाढीला दहा-बारा लाख माणसे एका गावात येऊ देणे वेडेपणाचे ठरले असते, हे मलाही कळते आणि वारकऱ्यांनाही कळले. त्यांनी घरातच पूजा केली, कोणी दंगा केला नाही.

पण एप्रिल आठवतो. आमदारांच्या निधनामुळे पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक लागली आणि १७ एप्रिलला मतदान झाले. राज्यात १४ एप्रिलपासून संचारबंदी आली, पण आमच्या मतदारसंघापुरती ती मतदान होईपर्यंत लांबणीवर टाकली गेली. सर्व पक्षांच्या सभा झाल्या, सर्व पक्षांचे मोठे नेते आले. विषाणूला तेव्हा मतदार ओळखपत्र दाखवावे लागत होते काय? मतदान संपले, बोटाची शाई वाळली नाही तोच दुकानांना कुलपे लागली. ज्या गावाने वारीसाठी शिस्त पाळली त्याच गावाला सभांच्या गर्दीची शिक्षा झाली, ही भावना आमच्याकडे घराघरांत आहे. म्हणूनच या वेळी व्यापारी चिडले आहेत. ते चिडले की सोलापूरचे लोक आम्हाला बेजबाबदार म्हणतात, तेही नवी पेठेत रात्री दहापर्यंत खरेदी करून घरी जाता जाता.

उत्तरकसबेकर काकांनी कुप्यांचा मुद्दा काढला, तो मला पटतो. बंद ठेवायचेच असेल तर त्या दिवसांत दुकानदाराला, गड्याला, हमालाला एका रांगेत उभे करून लस द्या. दुकाने बंद असल्यामुळे सगळे घरीच आहेत, ताप आला तरी कोणाचा रोज बुडणार नाही. लसीकरणाला याहून सोयीचा आठवडा कोणता? तो आठवडा नुसता पहारा देण्यात चालला आहे.


माळशिरसची शिक्षिका
१४ ऑगस्ट, रात्री

दुकानदार भाऊंनी लिहिलेले मी दोनदा वाचले. पोटनिवडणुकीबद्दल त्यांचे म्हणणे खोटे नाही, आणि आम्हा शिक्षकांना त्या काळात काय काय कामे करावी लागली हे इथे लिहीत बसत नाही. तरीही मी बंदच्या बाजूची आहे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दिरांना धाप लागली. घरातली तीन माणसे तीन दुचाकींवर अकलूज, पंढरपूर आणि सोलापूर अशी तीन दिशांना खाट शोधायला गेली. आम्ही फोन लावत होतो आणि प्रत्येक ठिकाणी ‘ऑक्सिजनची खाट नाही, साधी आहे’ हेच उत्तर मिळत होते. शेवटी एका ठिकाणी सोय झाली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. ते चौथ्या दिवशी गेले. त्यांचे वय बेचाळीस होते आणि त्यांच्या वयोगटासाठी लस नुकतीच सुरू होऊन बंदही पडायच्या बेतात होती. त्यामुळे ‘खाटा भरल्या की मग बंद करा’ असे कोणी म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो. खाटा भरल्यावर बंद करून काय उपयोग? आज ज्यांना लागण होत आहे त्यांना खाट पुढच्या आठवड्यात लागणार असते.

दुसरी गोष्ट आपणा सर्वांच्या वागण्याची आहे. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत मी घरोघर फिरून ताप आणि ऑक्सिजनची पातळी मोजली आहे. लोक काय सांगतात आणि काय लपवतात, ते मला माहीत आहे. घरात दोघे खोकत असताना ‘सगळे ठणठणीत आहेत’ असे दारातून सांगणारे निघाले, कारण चाचणी बाधित आली तर विलगीकरण केंद्रात नेतील, गल्लीत बोभाटा होईल आणि मुलीची सोयरीक मोडेल. जूनमध्ये थोडी सूट मिळाली आणि आमच्या भागात मांडव पडले; पन्नासची परवानगी, पंगतीला पाचशे. बाजार बंद केला तर दुकानदाराचे नुकसान होते, हे दिसते. या पंगतींचे नुकसान कोणाच्या खात्यात मांडायचे, ते बँकेतल्या काकांनी सांगावे.

आपल्याच जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातले घाटणे आणि दक्षिण सोलापुरातले अंत्रोळी या गावांनी दुसऱ्या लाटेत स्वतःहून नियम घालून घेतले आणि गावातला आजार आटोक्यात आणला. मुख्यमंत्र्यांनी मेअखेरीस त्यांचा जाहीर उल्लेख केला, पुढे कोरोनामुक्त गावासाठी पन्नास लाखांच्या पहिल्या बक्षिसाची स्पर्धाही आली. त्या गावांनी आधी काय केले? खोकणारा माणूस लवकर शोधला, त्याला वेगळे ठेवले, आणि त्याच्या घरचे किराणा-दूध चुकू दिले नाही. लस तेव्हा त्यांच्याकडेही मुबलक नव्हती.


होटगी रोडचा गणवेशवाला
१५ ऑगस्ट, सकाळी

आज ध्वजवंदनाला शाळेत मुले नाहीत, हे सलग दुसरे वर्ष. माझ्या धंद्याची अवस्था या एका वाक्यात आली. सोलापुरातून देशभर शालेय गणवेश जातात आणि आमचा हंगाम मार्च ते जुलै असतो. दोन हंगाम कोरडे गेले. १७ ऑगस्टला शाळा उघडणार असे जाहीर झाले, म्हणून मी कापड उचलले. मग राज्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या टास्क फोर्सच्या सल्ल्यावरून तो निर्णय थांबवला गेला. कापड आता गोदामात आहे.

पण मला लिहायचे आहे ते आजपासूनच्या सवलतीबद्दल, कारण ‘शहर खुले’ हे या धाग्याचे शीर्षकच मला अर्धवट वाटते. दुकान रात्री दहापर्यंत उघडे ठेवता येईल, पण सर्व कर्मचाऱ्यांचे दोन डोस होऊन चौदा दिवस झालेले असले पाहिजेत, अशी अट आहे. डॉक्टरसाहेबांनी मांडलेले गणित मी माझ्या दुकानाला लावून पाहिले. माझ्याकडच्या सहा जणांपैकी पाच पंचवीस ते पस्तीस वयाचे आहेत. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण १ मेला सुरू झाले, दोन आठवड्यांच्या आत राज्यात ते स्थगित झाले, आणि खऱ्या अर्थाने सुरू झाले ते २१ जूनला केंद्राचे मोफत लसीचे धोरण आल्यावर. अगदी त्या पहिल्या दिवशी ज्याने डोस घेतला त्याचा दुसरा १३ सप्टेंबरला आणि चौदा दिवस २७ सप्टेंबरला पूर्ण होतात. मग आज, १५ ऑगस्टला, नवी पेठेतले कोणते दुकान नियमानुसार उघडे आहे? जे उघडे आहे ते नियम मोडून उघडे आहे किंवा मालक स्वतः गादीवर आणि गल्ल्यावर दोन्हीकडे बसला आहे. आदेश काढणाऱ्यांनी बेरीज केली नाही की केली आणि दुर्लक्ष केले, हे मला समजत नाही.


विडी घरकुल
१५ ऑगस्ट, दुपारी

या धाग्यावर शहर विरुद्ध तालुके असा वाद रंगला आहे, म्हणून तिसरी बाजू लिहितो. आमची आई चाळीस वर्षे विड्या वळते. कारखान्यातून पान आणि तंबाखू आणायची, घरी वळायच्या, मोजून परत द्यायच्या, हजारामागे मजुरी. २०२० च्या टाळेबंदीत कारखाने बंद झाले तेव्हा तिच्यासारख्या हजारो बायकांच्या हातांना कामच उरले नाही. यंत्रमागावर असलेल्या माझ्या भावाचेही तेच झाले. जुलै २०२० ला शहरात पुन्हा दहा दिवस कडक टाळेबंदी केली, तेव्हा आमच्या गल्लीतले म्हातारे इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या १९३० च्या मार्शल लॉच्या ऐकीव गोष्टी सांगत बसले होते.

आता लसीबद्दल. शहराच्या पूर्व भागातले लोक लस घेत नाहीत, अंधश्रद्धा आहे, असे बोलले जाते. आईने पहिला डोस घ्यायला दोन महिने लावले, हे खरे आहे. कारण विचारले तर ती म्हणाली की शेजारणीला दोन दिवस ताप आला आणि तिच्या दोन दिवसांच्या विड्या बुडाल्या, त्या कोण भरून देणार? हा अडाणीपणा नव्हे, हा हिशेब आहे. मोबाइलवर नोंदणी करायची तर सुरुवातीला सगळे इंग्रजीतच; आमच्या घरात बोलणे तेलुगूत, पलीकडच्या गल्लीत कन्नड, त्यापलीकडे दखनी. मे महिन्यात तर स्लॉट उघडला की मिनिटभरात संपायचा आणि खेड्यातल्या केंद्रांवरचे स्लॉटसुद्धा शहरातले गाडीवाले लोक घेऊन जायचे. खासगीत पैसे भरून घ्यावी म्हटले तर कोविशील्डला ७८० रुपये. ज्यांना पहिल्यापासून मिळाली तेच आज दोन डोसांचे प्रमाणपत्र दाखवून मॉलमध्ये जाणार. लस हे औषध होते, त्याचा तुम्ही परवाना केला.

उत्तरकसबेकर काकांची मागणी चांगली आहे, पण अपुरी आहे. तालुक्याला कुप्या जास्त दिल्या तरी त्या केंद्राच्या दारापर्यंतच जातील. विडी कारखान्याच्या दारात, जिथे बायका रोज माल द्यायला येतात, तिथे टेबल लावा, तेलुगू बोलणारी एक आशाताई बसवा आणि दोन दिवसांची मजुरी द्या. मग बघा रांग.


बार्शीकर
१५ ऑगस्ट, दुपारी

आमच्या तालुक्यात या वेळी बंद नाही, म्हणून तटस्थपणे विचारतो. दोन डोस घेतलेल्यांनाही लागण होते. इस्रायलने जूनमध्ये मुखपट्टी काढली, दहा दिवसांत परत लावली आणि आता साठीपुढच्यांना तिसरा डोस देत आहेत. दुसरीकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) चौथ्या सर्वेक्षणात देशातल्या ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. म्हणजे बहुतेकांना कोरोना होऊनच गेला आहे. मग लसीचा एवढा आग्रह आणि बंदचाही आग्रह, दोन्ही कशासाठी?


सात रस्ता
१५ ऑगस्ट, रात्री

बार्शीकर, तुम्ही दिलेला आकडा देशाचा आहे. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा ५८ आहे. राज्याची सरासरी जिल्ह्याला जशीच्या तशी लावता येत नाही, पण तेवढीच धरली तरी २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांवर लोकसंख्या असलेल्या आपल्या जिल्ह्यात अठरा लाख माणसे विषाणूसाठी कोरी पाटी आहेत. माळशिरसच्या ताईंनी सांगितलेली खाटांची रांग लागायला यातली एक टक्का माणसेही एकाच महिन्यात धाप लागून आली तरी पुरतात.

लागण दोन डोसांनंतरही होते, हे बरोबर आहे. लसीकडून अपेक्षा आहे ती रुग्णालय टाळण्याची, आणि तिथे डेल्टाविरुद्धही दोन डोसांचे काम ९० टक्क्यांच्या पुढे दिसले आहे. इंग्लंडने १९ जुलैला जवळजवळ सर्व निर्बंध काढले, तेव्हा तिथे रोज चाळीस-पन्नास हजार रुग्ण सापडत होते, पण मृत्यू जानेवारीच्या मानाने फार कमी होते, कारण बहुतेक वयस्कर माणसांचे दोन्ही डोस झाले होते. भारतात ६ ऑगस्टला ५० कोटी डोस पूर्ण झाल्याचा आनंद साजरा झाला, तो रास्त आहे. पण प्रौढ सुमारे ९४ कोटी आहेत आणि दोन्ही डोस घेतलेले अजून थोडे आहेत. इंग्लंडची सूट हवी असेल तर आधी इंग्लंडचे लसीकरण हवे.

विडी घरकुलच्या मित्राला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. कारखान्याच्या दारात टेबल लावण्याची कल्पना मला आतापर्यंत सुचायला हवी होती, ती सुचली नाही. गणवेशवाल्यांचा दोन डोसांचा आक्षेपही बरोबर आहे. अट आरोग्याच्या दृष्टीने योग्य, पण तारखेच्या दृष्टीने अशक्य आहे. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लसीच्या डोसांतले अंतर चार ते सहा आठवडे असल्याने दुकानातल्या तरुणांना ती दिली असती तर सहा आठवड्यांत काम झाले असते. परंतु तिचा पुरवठा इतका अपुरा आहे की ज्यांचा पहिला डोस तिचा होता त्यांनाच दुसरा मिळताना मारामार झाली.


उत्तरकसबेकर
१६ ऑगस्ट, सकाळी

डॉक्टरसाहेब, विहिरीचा दाखला मी मान्य करतो, पण अर्धाच. ही विहीर आज खोदायला सांगितलेली नाही; १६ जानेवारीला पहिली कुदळ पडली, १ मार्चला साठीच्या पुढचे आले, १ एप्रिलला पंचेचाळीसच्या पुढचे आले. पंढरपूरसारख्या गावात, जिथे वर्षात चार वेळा लाखोंची गर्दी होते आणि जिथे एप्रिलमध्ये निवडणूक होणार हे सरकारला माहीत होते, तिथे कुप्या आधी जायला हव्या होत्या. उशीर झाला, म्हणून आता मागणीच करू नये, हे मला पटत नाही. आजची मागणी पुढच्या वेळच्या बंदसाठी आहे, आणि पुढची वेळ येणार नाही असे तुम्हीही म्हणत नाही.

ताई, तुमच्या दिरांबद्दल वाचून फार वाईट वाटले. पंगतीचा प्रश्न तुम्ही मला विचारला आहे. खरे सांगायचे तर गेल्या महिन्यात मी स्वतः एका लग्नाला गेलो होतो, पन्नासांपेक्षा बरेच जण होते, आणि मी जेवूनच आलो. ते नुकसान माझ्या खात्यात मांडा. पण मग दंड मला व्हायला हवा होता. झाला तो पंढरपूरच्या बुक्का विकणाऱ्याला.

एक मुद्दा मात्र कोणीच घेतला नाही. राज्याने ११ ऑगस्टला स्वतःसाठी मापदंड बदलला आहे. आता रोजची ऑक्सिजनची गरज ७०० मेट्रिक टनांवर गेली तरच राज्यात पुन्हा टाळेबंदी, असे सांगितले गेले आहे. म्हणजे मुंबईच्या पातळीवर विचार ऑक्सिजनचा, आणि करमाळ्याच्या पातळीवर विचार बाधितांच्या आकड्याचा. जो तालुका जास्त चाचण्या करून रुग्ण लवकर शोधतो त्याचा आकडा वाढतो आणि त्यालाच कुलूप लागते. ताईंनी सांगितलेले लपवणारे लोक याच पद्धतीने तयार होतात. चाचणी केली की गाव बंद, हे कळल्यावर खोकणारा माणूस आरोग्य केंद्राच्या पायरीवरूनच परत फिरेल. ऑक्सिजनची खाट भरण्याची वाट पाहू नका, हे ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. पण मग निदान रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचा तालुकानिहाय आकडा आदेशात छापा. तो मला कुठेही दिसला नाही.

विडी घरकुलच्या मुलाने जे लिहिले ते मी सुरुवातीलाच लिहायला हवे होते. माझ्या मागणीत कुपी केंद्रापर्यंत पोहोचत होती. माणूस केंद्रापर्यंत कसा पोहोचतो याचा विचार मी केला नव्हता. माझा पहिला डोस मार्चमध्ये झाला, मुलाने नोंदणी केली आणि मोटारीतून नेले.


माळशिरसची शिक्षिका
१६ ऑगस्ट, दुपारी

काका, कबुलीबद्दल आभार मानावेत की रागवावे, ते ठरत नाही. दाखल होणाऱ्यांचा आकडा छापावा, या मागणीला माझा पाठिंबा आहे. पण तो छापेपर्यंत बाजार उघडा ठेवा, याला नाही.


महाद्वारातला दुकानदार, पंढरपूर
१६ ऑगस्ट, रात्री

आज दुकान बंदच असल्यामुळे माझ्याकडे कामाला असलेल्या मुलाला पहाटे साडेपाचला लसीच्या रांगेत उभे केले. टोकन मिळाले, साडेअकराला नंबर लागला, कोविशील्डचा पहिला डोस झाला. कागदावर पुढची तारीख ८ नोव्हेंबरनंतरची आहे, म्हणजे चौदा दिवस धरून २२ नोव्हेंबर. कार्तिकी एकादशी १५ नोव्हेंबरला आहे. तोपर्यंत मंदिर उघडले आणि वारी भरली, आणि दोन डोसांची अट तशीच राहिली, तर वारीच्या दिवशी माळा विकायला दुकानात कोणाला बसवायचे, ते मला उत्तरकसबेकर काकांनी किंवा डॉक्टरसाहेबांनी सांगावे. मी आणि बायको दोघेच आहोत, आणि तिचा दुसरा डोस ऑक्टोबरात आहे.